पशुधनाचा हिशेब दरवर्षी लागला पाहिजे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दुधाच्या विक्रमी उत्पादनाची बातमी दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस, राष्ट्रीय दुग्ध दिनाच्या सुमारास, आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत छापून येते. देशात 2022-23 मध्ये सुमारे 23 कोटी 6 लाख टन दूध झाले, 2023-24 मध्ये ते 23 कोटी 93 लाख टनांवर गेले, आणि त्यात पावणेसात टक्क्यांच्या आसपास वाटा उचलून महाराष्ट्र पाचव्या क्रमांकावर राहिला, हे वाचून आनंदच होतो. परंतु हे दूध देणारी जनावरे दावणीला किती होती, गेल्या वर्षी किती होती, मधल्या बारा महिन्यांत किती जन्मली, किती दगावली आणि किती बाजाराला गेली, हे त्या बातमीत नसते. मी पुणे जिल्ह्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आणि 1997, 2003, 2007 व 2012 या चार पशुगणनांत वह्या-तक्ते घेऊन दारोदार फिरलो. निवृत्तीनंतर धायरीत राहत असलो, तरी पुरंदरमधील आमच्या गावचा गोठा अजून चालू आहे. या दोन्ही नात्यांनी जे मनात साठले आहे ते सविस्तर लिहीत आहे.

आपल्याकडे पशुगणना 1919-20 पासून होते आणि साधारण पाच वर्षांनी पुन्हा केली जाते. ही परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. 2019 च्या विसाव्या गणनेत साडेसहा लाखांहून अधिक गावांतील आणि शहरी प्रभागांतील 27 कोटींवर कुटुंबांपर्यंत माणसे पोहोचली. एकविसाव्या गणनेचा प्रारंभ 25 ऑक्टोबर 2024 रोजी झाला. या दोन गणनांच्या मधल्या काळात दर वर्षी जी एकात्मिक नमुना पाहणी होते, ती उन्हाळा, पावसाळा व हिवाळा अशा तीन हंगामांत निवडक गावांतून केली जाते आणि तिच्यातून दूध, अंडी, मांस व लोकर यांच्या उत्पादनाचा अंदाज काढला जातो. दुभत्या जनावरांची अंदाजित संख्या आणि दर जनावरामागचे सरासरी दूध यांचा गुणाकार, असे त्या अंदाजाचे मूळ आहे. म्हणजे दुधाचा आकडा दरवर्षी नवा असला, तरी त्याच्या खालचा जनावरांचा आकडा जुन्या गणनेच्या आधारावर पुढे ओढलेला असतो, आणि गणना जितकी शिळी होत जाते तितका हा आधार कच्चा होत जातो.

गणना हा एका दिवसाचा फोटो आहे, गोठा मात्र रोज बदलतो. ही गोष्ट मला खऱ्या अर्थाने समजली ती नोकरीत नव्हे, तर आमच्या वहिनींच्या दिनदर्शिकेवरून. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत प्रत्येक तारखेच्या चौकटीत त्या सकाळ-संध्याकाळचे दूध लिहितात. त्याच चौकटीच्या कोपऱ्यात रेतन केल्याची खूण, गाय गाभण असल्याचे तपासून सांगितले त्या दिवशी एक गोल, व्यायली की वासराचे लिंग, आणि विकले असेल तर घेणाऱ्याचे गाव व रक्कम, असे सारे पेन्सिलीने असते. वर्ष संपले की ती दिनदर्शिका सुतळीने बांधून पेटीत जाते. गेल्या दिवाळीत मी 2019 पासूनच्या साऱ्या दिनदर्शिका ओटीवर पसरून बसलो आणि गोठ्याचा जमाखर्च मांडला.

2019 च्या जानेवारीत आमच्या दावणीला सात जनावरे होती: दोन बैल, एक खिलार गाय, एक म्हैस आणि तीन संकरित गाई. 2025 च्या जानेवारीतही सातच होती: पाच संकरित गाई आणि दोन कालवडी. प्रगणकाच्या तक्त्यात सातचे सात राहिले आणि एकूण संख्येच्या रकान्यात बदल शून्य. प्रत्यक्षात या सहा वर्षांत गोठ्यात 11 वासरे जन्मली, चार गाई विकत आणल्या, 11 जनावरे विकली गेली आणि चार दगावली. 2019 च्या सातांपैकी आज एकही दावणीला नाही. त्या उन्हाळ्यात कडब्याचे भाव परवडेनात म्हणून बैल गेले आणि नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने होऊ लागली. बैलच नाहीत तर बैलांसाठी नावाजलेल्या जातीची खिलार कशाला म्हणून ती गाय गेली. म्हैस पोटफुगीने गेली. 2022 च्या पावसाळ्यात लम्पी या गुरांच्या त्वचारोगाने एक दुभती गाय आणि दोन वासरे नेली; त्या सप्टेंबरच्या पानावर आठ दिवस दुधाचा आकडाच लिहिलेला नाही, चौकटी कोऱ्या आहेत. संकरित गाईंना झालेले चार गोऱ्हे मिळेल त्या किमतीला द्यावे लागले. ज्या गोठ्यात शेतीचे ओढकाम करणारी, घरच्या तुपाची आणि दूध संस्थेला घालायच्या दुधाची अशी तिन्ही प्रकारची जनावरे होती, तो आता संपूर्णपणे दुधाच्या दरावर उभा आहे. हा एवढा मोठा बदल, आणि पाच-सहा वर्षांनी येणाऱ्या मोजणीत तो एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेलेला आकडा म्हणून दिसतो.

एका गोठ्याचे हे असेल तर राज्याचे काय असेल, याचा विचार करावा. 2012 मध्ये महाराष्ट्रात सुमारे 1 कोटी 55 लाख गाय-बैल होते आणि 2019 मध्ये ते सुमारे 1 कोटी 40 लाखांवर आले. त्याच काळात शेळ्या साधारण 84 लाखांवरून 1 कोटी 6 लाखांवर गेल्या. देशपातळीवर गाईंची संख्या 18 टक्क्यांनी वाढली आणि बैल-वळू-गोऱ्ह्यांची 30 टक्क्यांनी घटली. देशी गोवंश 6 टक्क्यांनी कमी झाला, तर संकरित व विदेशी रक्ताची जनावरे जवळपास 27 टक्क्यांनी वाढली. पण राज्यातील पंधरा लाख गोवंश कमी झाला तो कोणत्या वर्षी आणि कशाने? त्या सात वर्षांत 2012-13 चा दुष्काळ आला, मार्च 2015 मध्ये बैल व वळूंच्या कत्तलीवर बंदी आणणारा कायदा अमलात आला, 2016 च्या नोव्हेंबरात नोटाबंदीने जनावरांचे बाजार ओस पडले, ट्रॅक्टर गावोगाव पोहोचले, आणि ऑक्टोबर 2018 च्या अखेरीस राज्यातील 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. विसाव्या गणनेचे काम नेमके याच दुष्काळाच्या काळात चालू होते, जेव्हा पुरंदर, बारामती, इंदापूर, दौंडच्या जिरायत पट्ट्यातील शेतकरी चाऱ्यावाचून जनावरे मोडत होते आणि अनेकांची गुरे चारा छावणीत होती. या कारणांपैकी कोणत्याचा किती भार होता, हे दोन टोकांच्या दोन आकड्यांवरून कोणी सांगू शकत नाही, आणि म्हणूनच प्रत्येक जण आपल्याला हवे ते कारण पुढे करतो. बंदी कायद्याचे समर्थक आणि विरोधक एकाच गणनेचा हवाला देताना मी ऐकले आहेत. दर वर्षीचा आकडा असता तर या वादाला काही टेकू मिळाला असता. आमच्या पुण्यातील गोखले संस्थेचे प्रा. वि. म. दांडेकर यांनी 1960 च्या दशकातच गाईबैलांच्या संख्येचा आणि नर-मादी प्रमाणाचा अर्थशास्त्राच्या अंगाने कसून विचार केला होता; त्यांच्या गावात आज तो विषय केवळ भावनेने बोलला जावा, याचे मला दुःख होते.

वार्षिक पाहणीतही प्रश्न आहेतच, आणि त्यातला एक मला फार अस्वस्थ करतो. 2023-24 चे जे राष्ट्रीय आकडे जाहीर झाले, त्यांत एकूण दूध आदल्या वर्षापेक्षा 3.78 टक्क्यांनी वाढले होते, संकरित व विदेशी गाईंचे दूध 8 टक्क्यांनी वाढले होते, देशी गाईंचे दूध 44.76 टक्क्यांनी वाढले होते आणि म्हशींचे दूध 16 टक्क्यांनी घटले होते. बहुतेक बातम्यांनी यातला पहिला आकडा मथळ्यात घेतला. ज्याने आयुष्यभर गाभण जनावरे तपासली आहेत त्याची नजर मात्र शेवटच्या दोन आकड्यांवर खिळते. देशी कालवड पहिल्यांदा व्यायला साधारण साडेतीन-चार वर्षे लागतात, म्हशीच्या वगारीचेही तसेच. व्यायलेल्या म्हशीचे पुढचे वेत यायला सव्वा-दीड वर्ष जाते. बारा महिन्यांत देशभरातील देशी गाईंचे दूध जवळजवळ दीडपट व्हावे, हे जनावराच्या देहधर्मात बसत नाही. माझ्या मते वर्गवारी, आधारभूत संख्या किंवा नमुन्याची रीत यांपैकी काहीतरी बदललेले असणार. तसे बदलणे हा दोष नाही. सुधारणा म्हणूनही ते होत असेल. पण असा बदल झाला की तो आकड्याशेजारी ठळकपणे सांगितला पाहिजे आणि मागील वर्षांचे आकडे त्याच पद्धतीने पुन्हा काढून दाखवले पाहिजेत, नाहीतर उद्या एखादा होतकरू तरुण म्हैस मोडीत निघाली असे समजून गोठ्याचे कर्ज भलत्याच जनावरासाठी काढून बसेल.

कोंबड्यांच्या बाबतीत तर एका दिवसाची मोजणी जवळपास निरुपयोगी आहे. करार पद्धतीवर ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्या, करणाऱ्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये पिल्ले टाकल्यापासून साधारण 40 ते 42 दिवसांत पक्षी उचलले जातात, मग भुसा काढणे, धुणे, चुना मारणे, शेड मोकळी ठेवणे यात दहा-पंधरा दिवस जातात आणि पुन्हा नवी बॅच पडते. पाच हजारांची शेड वर्षाला सहा बॅच घेत असेल तर तिच्यातून वर्षात तीस हजार पिल्ले जातात. मोजणारा माणूस बॅचच्या मध्यावर आला तर पाच हजार लिहितो, शेड धुताना आला तर शून्य लिहितो, आणि दोन्ही वेळा तो खरेच लिहितो. 2012 च्या गणनेत मी स्वतः दौंडच्या बाजूला एका मोठ्या मोकळ्या शेडच्या दारात उभा राहून शून्य लिहिले आहे. आत भिंतीला टेकून ठेवलेली पाण्याची भांडी धुवून वाळत होती आणि मालक मला पुन्हा पुन्हा विचारत होता की पुढच्या सोमवारी पिल्ले येणार आहेत ती लिहिता येणार नाहीत का. लेअरच्या कोंबड्या अठरा-वीस आठवड्यांनी अंड्यावर येतात आणि पुढे वर्षभराहून अधिक ठेवतात, म्हणून तिथे गडबड कमी होते, पण परसातील गावरान कोंबड्या मोजणे ही आणखी निराळी कसरत आहे. विसाव्या गणनेत देशातील कुक्कुट पक्षी 85 कोटींवर गेले आणि त्यांत परसातील पक्षी 46 टक्क्यांनी वाढले, व्यावसायिक फार्मवरचे फक्त साडेचार टक्क्यांनी, असे दिसले. महाराष्ट्रात मात्र एकूण पक्षी 2012 च्या तुलनेत साडेचार टक्क्यांच्या आसपास घटले. यानंतर फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये कोंबडीच्या मांसाने करोना होतो या अफवेने ब्रॉयलरचे भाव कोसळले आणि शेतकऱ्यांनी पक्षी फुकट वाटले किंवा पुरले, जानेवारी 2021 मध्ये परभणीसह काही ठिकाणी बर्ड फ्लू आला आणि परिसरातील पक्षी नष्ट करावे लागले. या धक्क्यांत राज्यातील किती शेड कायमच्या बंद झाल्या, ते पाच वर्षांनी होणाऱ्या कोणत्याही मोजणीत उमटणार नाही, कारण तोवर दुसऱ्या कोणी तिथे पिल्ले टाकलेली असतात. राष्ट्रीय अंडी समन्वय समिती 1982 पासून आपल्या पुण्यातून काम करते आणि अंड्याचा भाव रोज जाहीर होतो. भाव रोजचा असताना अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा आकडा पाच वर्षांचा असावा, हे मला पटत नाही.

ज्यांची जनावरे पायी चालतात त्यांचाही उल्लेख केला पाहिजे. दिवाळीनंतर आमच्या भागातील धनगर वाडे, म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणारी कुटुंबे, कोकणाकडे उतरतात, पावसाळ्याच्या तोंडाला परततात आणि वाटेत शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवतात. गावात मोजणी असते तेव्हा वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, दुसऱ्याच तालुक्यात लागलेली असते. एकविसाव्या गणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची प्रथमच स्वतंत्र नोंद ठेवण्याचे ठरले, हे फार चांगले झाले. गाढवांबद्दल मात्र उशीर झाला आहे. जेजुरीला पौष पौर्णिमेला भरणारा गाढवांचा बाजार मी लहानपणी पाहिला आहे आणि नोकरीत असताना तिथे औषधांची पेटी घेऊन बसलोही आहे. 2012 ते 2019 या काळात देशातील गाढवे 61 टक्क्यांनी घटून सुमारे 1 लाख 20 हजारांवर आली. वीटभट्ट्या, वाळू आणि मातीची वाहतूक यंत्रांकडे गेली हे कारण उघड आहे, पण घसरण कोणत्या वर्षी वेगाने झाली हे तेव्हाच कळले असते, तर वैदू, कुंभार, कैकाडी, बेलदार या समाजांतील ज्या कुटुंबांचे पोट त्या जनावरावर होते त्यांच्यासाठी वेळेत काही करता आले असते.

दरवर्षी मोजणे अशक्य आहे, असे मला अनेकदा सांगितले गेले आहे. अमेरिकेत दर 1 जानेवारीला देशात किती गुरे आहेत याचा अंदाज पशुपालकांच्या नमुना पाहणीतून काढतात आणि त्याच महिन्याच्या अखेरीस जाहीर करतात. 1 जानेवारी 2024 चा आकडा 8 कोटी 72 लाख होता आणि तो 1951 नंतरचा सर्वांत कमी ठरला, हे तिथल्या शेतकऱ्याला चार आठवड्यांत कळले. तिथे गोठे मोठे आणि थोडे, आपल्याकडे लहान आणि असंख्य, हा फरक मी विसरलेलो नाही. परंतु आपल्याकडे आता जनावराच्या कानात मारायचा, ऑनलाइन नोंदीचा बारा आकडी पिवळा बिल्ला आहे. 2024 मध्ये राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपयांचे अनुदान दिले, तेव्हा बिल्ल्याची ऑनलाइन नोंद असल्याशिवाय ते मिळत नव्हते, आणि त्या काही महिन्यांत गावोगाव जनावरांच्या कानात बिल्ले पडले. लम्पीच्या साथीतही दुभत्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार आणि वासराला 16 हजार रुपये भरपाई होती, म्हणून मृत्यूंचे पंचनामे झाले. ज्या नोंदीमागे शेतकऱ्याला काही मिळते ती नोंद होते. विक्री आणि साधा मृत्यू यांची नोंद करून त्याला काहीच मिळत नाही, म्हणून ती राहून जाते. माझ्या भावाने 2023 च्या उन्हाळ्यात विकलेली गाय अजून त्याच्याच नावावर आहे, तिच्या लसीकरणाचा निरोप त्याच्याच मोबाइलवर येतो, आणि नाव बदलून घेण्यासाठी दोन वेळा हेलपाटे घातल्यावर त्याने तो नाद सोडला. अशा विकलेल्या आणि मेलेल्या जनावरांची नावे खात्यावर साचत गेली, तर बिल्ल्यांची एकूण संख्या वाढतच राहील आणि तिचा उपयोग गणनेच्या आकड्यापेक्षाही कमी होईल. 2022 मध्ये लम्पीची लस राज्यातील साऱ्या गोवंशाला टोचायची ठरली, तेव्हा हाताशी 2019 चाच आकडा होता. त्या वेळी ते निभावले, कारण गणना तीनच वर्षे जुनी होती.

म्हणून पशुसंवर्धन आयुक्तालय आपल्या औंधमध्येच असल्याने आपल्या दैनिकामार्फत मी काही गोष्टी मागत आहे. प्रत्येक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांनी दरवर्षी 31 मार्चची संख्या, आणि त्यासोबत वर्षभरातील जन्म, मृत्यू, खरेदी व विक्री, असा पाच रकान्यांचा तक्ता निवडक गावांतून काढून पंचायत समितीच्या फलकावर लावावा. संपूर्ण मोजणीची गरज नाही, प्रत्येक तालुक्यातून ठरावीक गोठे पाच वर्षे सलग पाहिले तरी पुरे. बाजार समितीच्या आवारात, चाकण, बेल्हे येथे गुरांचा बाजार भरतो त्या दिवशी, बिल्ल्याचे नाव विकत घेणाऱ्याच्या नावावर तिथल्या तिथे करून देणारा एक माणूस बसावा, आणि दूध संस्थेच्या सचिवालाही मृत्यूची नोंद करण्याची मुभा असावी, कारण कोणाच्या गोठ्यातले दूध अचानक बंद झाले हे त्याला दुसऱ्याच दिवशी कळते. कुक्कुटपालनात एका दिवसाच्या पक्ष्यांऐवजी वर्षभरात टाकलेली पिल्ले आणि झालेली मरतूक यांचा हिशेब उबवणी केंद्रांकडून घेतला जावा. तो त्यांच्याकडे रोजच्या रोज लिहिलेला असतो.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी दुधाचा किंवा अंड्यांचा आकडा छापाल, तेव्हा त्याच्या शेजारी दुभत्या जनावरांचा आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचा आकडा कोणत्या वर्षाचा आहे हे एका ओळीत छापावे. ज्यांना गोठ्याचा वार्षिक तक्ता कसा असावा ते प्रत्यक्ष पाहायचे आहे, त्यांना मी आमच्या वहिनींच्या सहा वर्षांच्या दिनदर्शिका दाखवायला तयार आहे. त्यांनी फक्त एक अट घातली आहे, की चालू वर्षाची दिनदर्शिका भिंतीवरून काढायची नाही, कारण पुढच्या पंधरवड्यात एक कालवड पहिल्यांदा व्यायची आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
धायरी, पुणे